पडवीतली मोटार : घ्यावी का, आणि किती पडेल?

मंठ्याच्या आसपास जुनी मोटार विकायला निघते ती जाहिरातीतून नव्हे, वाटणीतून. वाड्याची वाटणी होते, पडवी मोकळी करायची वेळ येते आणि वीस-पंचवीस वर्षे कडबा, खताची रिकामी पोती आणि कोंबड्यांच्या सोबतीने उभी असलेली फियाट, अँबेसेडर किंवा जीप उजेडात येते. मालक हमखास सांगतो, "काही नाही हो भाऊ, बॅटरी टाकली की चालू होती." कधी कधी ती खरंच चालू होते. आणि तिथेच घेणारा फसतो, कारण चालू झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकल्यावर माणूस बाकी काही विचारत नाही.

या भागात इंजिन ही सगळ्यांत स्वस्तात सुटणारी अडचण आहे. ट्रॅक्टर उघडणारे मिस्त्री मंठ्यात आहेत, साठेक किलोमीटरवर जालन्यात लेथवाले आहेत; बोअर करणे, हेड घासणे, डायनेमो बांधणे ही त्यांची रोजची कामे. महाग पडतात ते कागद आणि पत्रा. म्हणून तपासणी आधी कागदांची, मग पत्र्याची आणि शेवटी इंजिनाची करावी. बहुतेक लोक बरोबर उलट करतात. गेल्या गेल्या बॉनेट उघडतात.

भावाचा तळ आधी ठरवून घ्या. जालना हे लोखंड वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांचे शहर, त्यामुळे इथे भंगाराला गिऱ्हाईक कायम असते आणि मालकाच्या डोक्यात तो आकडा असतोच. फियाट साधारण नऊशे किलोची. काच, रबर, गाद्या वजा करून सातशे किलो लोखंड आणि किलोला तीस रुपये धरले तर एकवीस हजार होतात. भाव रोज हलतो, पण हिशेबाची रीत हीच. याच्या खाली कोणी देणार नाही. न चालणारी, पण सगळे भाग जागेवर असलेली फियाट किंवा अँबेसेडर ४० हजार ते एक लाखापर्यंत मागावी. जीपचे मात्र निराळे. तिला शेतकरीही मागतो आणि हौशीही, त्यामुळे ती लाखाच्या खाली क्वचित मिळते आणि अडीच लाखांपर्यंत सांगितली जाते. हे आकडे मोलभावासाठीचे माझे अंदाज आहेत, दरपत्रक नव्हे.

कागद : इथेच सौदा मोडावा लागतो

पहिला प्रश्न असा, की गाडी कोणाच्या नावावर आहे? उत्तर बहुधा "आजोबांच्या". आजोबा जाऊन पंधरा वर्षे झालेली, मुलगे चार, मुली दोन, एक मुलगा पुण्यात. समोर उभा असलेला नातू कितीही प्रामाणिक असला तरी गाडी विकण्याचा अधिकार एकट्या त्याचा नाही. आरटीओत आधी वारसाच्या नावावर गाडी चढते, त्यासाठी नमुना ३१ आहे. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतर नमुना २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. या हस्तांतराची सरकारी फी किरकोळ आहे, मोटारीला ३०० रुपये. खरा खर्च सह्या गोळा करण्याचा, आणि तो मालकाने करायचा. पुण्यातल्या काकांची सही आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीला किंमत येते आहे असे कळले की न बोलणारे काकाही बोलू लागतात.

दुसरा प्रश्न, पासिंग कुठले आणि कधीपर्यंतचे? जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा मुलूख परतूर तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्यात होता. त्यामुळे सत्तरच्या दशकात गावात आलेल्या गाडीची मूळ नोंद जालन्यात सापडेलच असे नाही. परभणी, छत्रपती संभाजीनगर किंवा गाडी मुंबईहून जुनी घेतलेली असेल तर थेट तिकडचे दप्तर शोधावे लागते. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबरांच्या अनेक गाड्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. मोबाइलवर नंबर टाकला आणि काहीच दिसले नाही, तर गाडी चोरीची असे लगेच समजू नये. पण ती नोंद जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागेल, तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात, आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हातात हवे. आरसी बुक हरवले आणि संगणकावर नोंदही नाही, अशी गाडी मी तरी भंगाराच्या भावानेही घेऊ नका असे सांगेन. ती पडवीत शोभेल, रस्त्यावर येणार नाही.

आरसी बुक असेल तर चासी नंबर आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून पाहा. चासीवरचा नंबर मातीने, ऑइलने आणि नंतरच्या रंगाने बुजलेला असतो. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन जा, नंबर साफ करून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओतही असाच ठसा घेतात. एक आकडा जरी जुळला नाही तरी थांबायचे.

आता पैशांचे. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली, परदेशी बनावटीच्या मोटारीला ८०,०००. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये. उच्च सुरक्षा नंबर प्लेट ७४५ रुपये अधिक जीएसटी. इथवर सगळे सोसण्यासारखे आहे. टोचते ती विलंबाची फी. मुदत संपून गेल्यावर खासगी मोटारीला महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला सहा हजार, आणि दहा वर्षे थकली असतील तर साठ हजार. गाडीच्या किमतीइतका दंड! ही रक्कम कोणत्या तारखेपासून मोजली जाणार, ते सौदा करण्याआधी जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नंबर दाखवून विचारा आणि तेवढा आकडा किमतीतून कापून मागा. एजंट "करून देतो" म्हणेल. त्याने सांगितलेल्या रकमेत सरकारी पावती कितीची आणि त्याची मजुरी किती, हे वेगळे लिहून घ्या.

'विंटेज'चा दरवाजा

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर दुसरी वाट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ती लागू आहे. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीपासून नंबर असलेल्या गाडीला तो जुना नंबर राखता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नमुना २० मध्ये अर्ज, सोबत विमा आणि जुने आरसी बुक.

ऐकायला छान आहे, पण दोन अटी नीट समजून घ्या. एक, अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. म्हणजे लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने देऊन पैसे काढू, हा बेत इथेच संपतो. आपल्याकडे दहातल्या आठ जणांच्या मनात तोच बेत असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. दोन, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या जीपांपैकी कितीतरींची पेट्रोल इंजिने कधीच काढून डिझेल बसवलेली आहेत. ती जीप साठ वर्षांची असली तरी या नियमात बसत नाही. आणि आरसी बुकात इंधन 'पेट्रोल' लिहिलेले असेल तर साध्या नूतनीकरणालाही अडते, कारण परवानगीशिवाय इंजिन बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही.

कोणती गाडी बसते, याचा ढोबळ अंदाज असा. कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० डिलाइट बसते. तिचेच पुढे १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाले, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या पद्मिनी आता कुठे उंबरठ्यावर आल्या आहेत. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी, जी गावोगाव सर्वांत जास्त सापडते, ती बसत नाही. अँबेसेडरमध्ये मार्क टूपर्यंतच्या धरा. एमएम ५४० जीप नाही. परदेशी बनावटीची जुनी विलीज किंवा मॉरिस सापडली तर मात्र विंटेज नोंदणी डोळे झाकून परवडते, ८०,०००च्या जागी २०,०००.

विम्यातही फरक आहे. तृतीय पक्ष विम्याचा दर १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७, दोन्हींवर जीएसटी. फियाट १०८९ सीसी, अँबेसेडर १४८९, म्हणजे दोन्ही खालच्या गटात. पेट्रोल जीप २२०० सीसीच्या आसपास, म्हणजे वरच्या. विंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला या हप्त्यात निम्मी सूट आहे.

पत्रा

मंठ्याची हवा कोरडी. कोकणातल्या गाडीसारखा छपराचा पत्रा इथे खात नाही. इथला गंज खालून येतो. काळ्या मातीच्या जमिनीवर उभी असलेली गाडी चार महिने ओल पिते. वरून चकचकीत आणि खाली चाळणी, अशा गाड्या भरपूर. म्हणून गाडी कशावर उभी होती ते आधी पाहा. शहाबादी फरशीवर असेल तर अर्धी काळजी मिटली. मातीवर असेल तर पायपुसणी उचला, दाराखालच्या पेट्यांवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटा, डिकीतली स्टेपनीची जागा बोटांनी चाचपा. टणक आवाज आला तर ठीक. भसभस आवाज आला तर पत्रा गेलेला आहे आणि रंगाखाली लांबी भरलेली आहे. लहानसे लोहचुंबक खिशात ठेवा. लांबी भरलेल्या जागी ते चिकटत नाही.

तळाचा पत्रा बदलणे, दारांच्या खालच्या कडा नव्याने करणे, मग डेंटिंग-पेंटिंग, या कामाला ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत पैसे जातात. तेही मिस्त्रीने मुदत पाळली तर. पैसे कामाच्या टप्प्याने द्या. गाडी उघडून ठेवल्यावर मिस्त्री लग्नाला गावी जातो आणि सहा महिने फिरकत नाही, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याला अपवाद म्हणता येत नाही. पत्र्यापेक्षाही चिवट काम छोट्या वस्तूंचे. समोरची जाळी, दाराच्या मुठी, मीटर, काचेभोवतीची चकचकीत पट्टी यातले काय गेले आहे, त्याची यादी जागेवरच करा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून उतरली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदा त्याआधीच आटत चालला होता. कुर्ला आणि चोर बाजारात भाग अजून मिळतात, पण आता भाव विकणाऱ्याच्या हातात आहे. अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, तिचे बरे आहे.

मग इंजिन

गाडी घेतलीत तर पहिल्या दिवशी सेल्फ मारू नका. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि मग हँडलने हाताने फिरवा. फिरले तर रिंगा सुटलेल्या आहेत. न फिरता जोर केलात तर रिंग मोडते आणि वीस हजारांचे काम साठ हजारांवर जाते. उंदरांचे घरटे एअर क्लीनरमध्ये, सायलेन्सरमध्ये आणि गाद्यांच्या आत असते; धान्याच्या खोलीशेजारी उभ्या गाडीत तर नक्की. त्यांनी वायर कुरतडलेली असल्यावर बॅटरी जोडणे म्हणजे आगीला बोलावणे. नवी वायरिंग १२ ते १८ हजारांत होते, तिथे काटकसर नको.

टाकी उतरवून धुवा. जुने पेट्रोल आटून डिंकासारखे बसलेले असते. टाकी, पंप, कार्ब्युरेटर, रेडिएटर साफ करणे, नळ्या, पट्टे, ऑइल, बॅटरी मिळून २५ ते ३० हजार धरा. नळ्या टाकताना मिस्त्रीला आठवण करून द्या, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे रबर त्यात फुगते आणि चिरते, बुचाची पॅकिंग विरघळते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मागून घ्या. दोनशे-चारशे रुपयांचा फरक आहे. दुसरी गोष्ट शिशाची. शिसेयुक्त पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. त्याआधीच बंद पडलेले इंजिन उघडलेच, तर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड असे पूर्ण काम ५० ते ८० हजारांत जालन्यात होऊ शकते.

ब्रेक इंजिनाच्या आधी. उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर चिकटलेलेच असतात. चारी सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे किट, नळ्या आणि लायनर, दहा ते वीस हजार.

टायर नक्षी शिल्लक आहे म्हणून ठेवू नयेत. बाजूच्या भिंतीला चिरा पडलेला टायर ताशी साठच्या वेगाने फुटतो. इथे जीपवाल्यांना एक खास मोह होतो. जुन्या जीपचा टायर ६.०० गुणिले १६, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही त्याच मापाचा, मंठ्यात कुठल्याही दुकानात मिळणारा. रिंगवर तो बसतो. पण तो रानातल्या वेगासाठी केलेला असतो, जिंतूर रस्त्यावर सत्तरने धावण्यासाठी नव्हे, आणि ओल्या डांबरावर तो ब्रेकला दाद देत नाही. पाच टायर ट्यूबसह १८ ते २५ हजारांना मिळतात.

सुधारणा कोणत्या कराव्यात? जुना डायनेमो काढून आल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, पुढे सीट बेल्ट. या चारांना पंधरा-वीस हजार लागतात आणि गाडी भरवशाची होते. काढलेले मूळ भाग गोणीत घालून जपून ठेवा, पुढे विकताना त्यांचे पैसे येतात. विंटेज नोंदणी करायची असेल तर याही बाबतीत आधी परिवहन निरीक्षकाला विचारा. एसी, पॉवर स्टीअरिंग, रुंद चाके याच्या मागे लागलात तर त्या पैशांत चांगली वापरलेली अलीकडची गाडी येते, आणि मला वाटते तीच घ्यावी.

एकूण किती?

ऐंशीच्या दशकातली पद्मिनी धरू, कागद धड, पत्रा मध्यम. गाडी ६० हजार. जालन्याला दोनदा ने-आण १० हजार. विमा-नोंदणी नसलेली गाडी टोचन करून रस्त्याने नेऊ नका, दुसऱ्या गाडीवर घालून न्या. विम्याविना सापडल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचते. कागद, विमा, कर मिळून २५ हजार, विलंबाची फी वगळून. पेट्रोलची व्यवस्था आणि बॅटरी ३०, ब्रेक १५, टायर २२, वायरिंग १५, गाद्या १५, पत्रा आणि रंग ८० हजार. बेरीज दोन लाख ७२ हजार. इंजिन उघडावे लागले तर आणखी साठ. तयार, चालती पद्मिनी अडीच-तीन लाखांपासून विकत मिळते, हे शेजारी ठेवून पाहा. ज्याला हाताने काम करण्याची हौस नाही त्याने तयार गाडी घ्यावी, हेच स्वस्त. व्यापाऱ्याकडून घेतलीत तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो किमतीत धरलेला आहे का ते विचारा. माणसाने माणसाला विकलेल्या गाडीवर तो नाही.

सौदा ठरलाच तर इसार म्हणून पाच हजारांपेक्षा जास्त देऊ नका आणि पाचशेच्या मुद्रांकावर इसार पावती करा. तीत चासी आणि इंजिन नंबर, सर्व वारसांची नावे, वारसनोंद कोण आणि किती दिवसांत करून देणार, विलंबाची फी कोणाच्या माथी, आणि आरटीओने नोंद नाकारली तर इसार परत, एवढे लिहा. विकणाऱ्याने गाडी दिल्याचे राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची असते. मालक म्हणेल, "आपल्यात कशाला कागद, काका?" त्याला चहा पाजा आणि कागद पुढे करा.